कॉर्टिसोल 'लो' आणि रात्री साडेअकराला संपणारा कॉल

प्रश्न : वय ४२. ठाण्यात कासारवडवलीला राहते, ऐरोलीच्या एका कंपनीत इन्शुरन्स क्लेम्सच्या टीमची लीड आहे. ६:१० ला उठून मुलाचा डबा, साडेनऊला ऑफिस, साडेसहाला तिथून निघते. रात्री नऊला जिम, पावणेदहाला चहा, मग १० ते ११:३० अमेरिकेच्या टीमबरोबर कॉल, आठवड्यातून पाच दिवस. वर्षभरापासून अंगात त्राण उरलेलं नाही. मेल तीनतीनदा वाचूनही डोक्यात शिरत नाही. मुलावर ओरडते, मग रडते. अंथरुणात पडलं की पाय वळवळतात, एक वाजेपर्यंत झोप नाही. पाळीही हल्ली मागेपुढे होते, जास्त जाते. 'फुल बॉडी हॉर्मोन पॅकेज' केलं, त्यात कॉर्टिसोल ५.८ आलं, पुढे लाल अक्षरांत 'लो'. जिमचा ट्रेनर म्हणाला 'ॲड्रिनल फटीग' आहे आणि २,४०० रुपयांची एक बाटली सुचवली (अश्वगंधा आणि 'ॲड्रिनल एक्स्ट्रॅक्ट'). केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत. कुठलं हॉर्मोन बिघडलंय? ते कसं वाढवू? की नोकरीच सोडू?

उत्तर : नमस्कार ताई. बाटली घेऊ नका. बाकीचं सगळं त्यानंतर.

तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टच्या पहिल्या पानावर, वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत रक्त घेतल्याची वेळ आहे : दुपारी १२:१०. कॉर्टिसोलच्या ओळीत तुलनेसाठी छापलेली ६.२ ते १९.४ ही पट्टी मात्र सकाळी ६ ते १० मध्ये घेतलेल्या रक्ताची आहे. मशीनने वेळ बघितलीच नाही, आकडा पट्टीखाली दिसला आणि 'लो' छापून टाकलं. कॉर्टिसोल, म्हणजे ताण पेलायला लागणारं हॉर्मोन, पहाटे झोपेतच चढू लागतं, जाग आल्यावर अर्ध्यापाऊण तासात आणखी उसळी घेतं आणि मग दिवसभर उतरत उतरत मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. दुपारी बाराला ५.८ म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. सकाळची पट्टी लावून दुपारचं कॉर्टिसोल वाचणं म्हणजे ओहोटीच्या वेळी ठाण्याच्या खाडीवर उभं राहून खाडी आटली म्हणण्यासारखं आहे. वेळ न विचारता ही तपासणी पॅकेजात घालणं थांबायला हवं. त्या एका लाल शब्दापायी माणसं महिनोन्‌महिने भलत्या वाटेला लागतात.

'ॲड्रिनल फटीग' हे निदान हॉर्मोनतज्ज्ञ मानत नाहीत. ताण सोसून सोसून ॲड्रिनल ग्रंथी (मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या) दमतात आणि कॉर्टिसोल बनवेनाशा होतात, ही कल्पना ऐकायला पटते. पण २०१६ साली ५८ अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा तिला आधार मिळाला नाही. बर्नआउट झालेल्या, म्हणजे कामाने पार पिचून गेलेल्या लोकांचं कॉर्टिसोल काही अभ्यासांत जास्त, काहींत कमी, तर कितीतरींमध्ये इतरांसारखंच निघतं. त्यामुळे एका आकड्यावरून बर्नआउट आहे किंवा नाही, असं कुणीच सांगू शकत नाही.

ॲड्रिनल खरोखर निकामी झाल्या की त्याला ॲडिसनचा आजार म्हणतात, आणि त्याची खूण वेगळी असते : वजन उतरत जातं, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, खारट खावंसं वाटतं, तळहाताच्या रेषा आणि हिरड्या काळवंडतात. यातलं काही असेल तर सकाळी ८ वाजता कॉर्टिसोल पुन्हा करा आणि डॉक्टरांना दाखवा. त्याआधी एक गोष्ट आठवून बघा. गुडघ्यात इंजेक्शन, दम्याचा पंप, गोरेपणाची क्रीम किंवा कुणी दिलेली बिनलेबलची पुडी, यातलं काही चालू होतं का? यांत स्टेरॉइड असू शकतं आणि ते शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल दाबून टाकतं. असं काही चालू असेल तर आपल्या मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. एकदम बंद केल्यानेच जिवावर बेतू शकतं.

बाटलीला 'नको' म्हणायचं कारणही तेच. अमेरिकेत अशा 'ॲड्रिनल सपोर्ट'च्या १२ उत्पादनांची तपासणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. बाराही बाटल्यांत थायरॉइडचं हॉर्मोन निघालं आणि निम्म्याहून जास्तींत स्टेरॉइड. अश्वगंधा काही लोकांच्या यकृताला बाधते, थायरॉइडच्या आकड्यांतही गडबड करते. ती घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून आणि डोळे पिवळे दिसले की त्याच दिवशी बंद.

आता तुमचं त्राण कुठे जातं ते बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आजार म्हणून नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून आहे. तिच्या तीन खुणा : अंगातली शक्ती संपणं, कामातून मन उडणं आणि हातून काही धड होत नाही असं वाटणं. तिन्ही तुमच्या पत्रात आहेत.

रात्रीचे दहा. पलीकडून कोणीतरी विचारतं, 'त्या पेंडिंग क्लेम्सचं काय झालं?' त्या क्षणी मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा एक इवलासा निळसर भाग नॉरॲड्रिनलिन सोडतो आणि ॲड्रिनल ग्रंथींच्या गाभ्यातून ॲड्रिनलिन निघतं. बोटं गार पडतात, दातावर दात बसतात, खांदे कानांकडे चढतात. पुढच्या कॉलला लक्ष ठेवा, हे तिन्ही दिसेल. रक्तातलं ॲड्रिनलिन दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं, त्यामुळे कॉल संपला की 'सुटले' असं वाटतं. कॉर्टिसोल मात्र मागून, रमतगमत येतं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून त्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीला निरोप, पिट्युटरीकडून ॲड्रिनलला, मग ते रक्तात उतरतं. ताण सुरू झाल्यापासून साधारण २० ते ३० मिनिटांनी ते शिखरावर पोहोचतं आणि तिथून निम्मं व्हायला त्याला तास-दीड तास लागतो. कॉलमध्ये ताणाचे तीन-चार धक्के बसले तर शेवटचा धक्का सव्वाअकराचा. लॅपटॉप साडेअकराला मिटतो, पण ज्या वेळी कॉर्टिसोल तळाला असायचं त्या वेळी ते चढलेलं असतं. शरीर थकलेलं आणि डोकं टक्क जागं, ही तुमची साडेबाराची अवस्था अशी तयार होते.

त्यात तोंडासमोर दीड तास उजेडाचा पडदा, म्हणजे झोपेची वर्दी देणारं मेलॅटोनिनही उशिरा चढतं. आणि कॉलच्या आधीचा चहा. दिवसभर जागं राहिल्याने मेंदूत ॲडेनोसिन साठत जातं, त्यानेच झोपेचं ओझं डोळ्यांवर येतं. कॅफीन त्याच्या जागा अडवून बसतं. कॅफीन निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात, म्हणजे पावणेदहाच्या चहातलं निम्मं रात्री पावणेतीनलाही रक्तात आहे.

मग ६:१० चा गजर. पाच तास झोप. अशा तुटक झोपेनंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं कॉर्टिसोल आधीच चढं राहतं आणि त्याच अवस्थेत पुन्हा दहाचा कॉल. तुमचं हॉर्मोन बिघडलेलं नाही ताई. त्याला रोज रात्री जो हुकूम मिळतो तो ते इमानाने पाळतंय.

मेल डोक्यात न शिरण्याचं उत्तरही यातच आहे. कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग लक्ष धरून ठेवतो, जिभेवर ताबा ठेवतो, 'आत्ता नको, नंतर बोलू' असं म्हणतो. नॉरॲड्रिनलिन आणि डोपामिन बेताने मिळाले तर तो उत्तम चालतो, फार झाले की मिटतो आणि मेंदूचे जुने, झटपट भडकणारे भाग पुढे येतात. मुलावर ओरडणं हा तुमच्या स्वभावात पडलेला फरक नाही. झोप सुधारली की हे सगळ्यांत आधी सुधारतं, बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत.

मन उडण्यात डोपामिनचा वाटा आहे. डोपामिनला 'आनंदाचं हॉर्मोन' म्हणतात ते अर्धवट आहे. ते मुख्यतः अपेक्षा आणि हाती आलेलं यांतला फरक नोंदवतं. कष्टाच्या मानाने पदरात पडलं तर मेंदू पुढच्या वेळी जोर लावायला तयार होतो. तुम्ही ४० क्लेम निपटता आणि सकाळी रांगेत पुन्हा तितकेच. मेंदूच्या हिशेबात कष्ट केले काय, न केले काय, फरक शून्य, मग तो जोर लावणं सोडतो. यावर गोळी नाही. पण रांगेला दिवसाचा शेवट देता येतो : सकाळी आजच्या क्लेम्सचा आकडा ठरवून कागदावर लिहा, संपले की रेघ मारा, आणि आकडा गाठल्यावर उद्याचा क्लेम उघडू नका. टीमलाही तसंच वाटून द्या. रक्तातलं डोपामिन-सेरोटोनिन मोजणाऱ्या पॅकेजवर पैसे घालू नका. शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यांत असतं, ते मेंदूत शिरत नाही, त्यामुळे त्या आकड्यावरून मेंदूचं काहीच कळत नाही.

आता तुमच्या रिपोर्टचं तिसरं पान. त्याकडे कुणी बघितलेलं दिसत नाही, कारण तिथे लाल शाई नाही. फेरिटिन १३.६, छापलेली पट्टी १३ ते १५०, म्हणून 'नॉर्मल'. हिमोग्लोबिन ११.६. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाने गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे ॲनिमिया आणि फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे शरीरातला लोहाचा साठा संपलेला. ३० च्या खाली असलं तरी बरेच डॉक्टर उपचार सुरू करतात. तुमची पाळी जास्त जाते, लोह तिकडून गळतंय. आणि डोपामिन बनवणाऱ्या मेंदूतल्या एन्झाइमला लोह लागतं. रात्री पाय वळवळणं, ते हलवल्याशिवाय चैन न पडणं हे लोह कमी असण्याचं ओळखीचं लक्षण आहे. एक वाजेपर्यंत झोप न येण्यात कॉलइतकाच याचाही हात असणार. केसगळतीचंही हे एक कारण असू शकतं.

फॅमिली डॉक्टरांना तिसरं पान दाखवा आणि लोहाच्या गोळीबद्दल विचारा. सहसा ६० मिलिग्रॅम लोह असलेली एक गोळी, दिवसातून एकदा किंवा एक दिवसाआड. एक दिवसाआड घेतली तर लोह अंगी जास्त लागतं, कारण एका डोसनंतर साधारण दिवसभर हेप्सिडिन नावाचं हॉर्मोन आतड्यांतलं शोषण अडवून धरतं. पोट रिकामं असताना, लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा, दूध, कॅल्शियम आणि ॲसिडिटीची गोळी यांपासून दोन तास लांब. मळमळलं तर थोडं खाऊन घ्या, पण सोडू नका. शौचाला काळं होतं, ते अपेक्षितच आहे. महिन्याभरात हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमने चढायला हवं. चढलं नाही तर रक्त कुठून जातंय ते शोधावं लागेल. आकडा सुधारल्यावरही साठा भरायला आणखी तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते. बहुतेकजणी नेमक्या तिथेच थांबतात आणि सहा महिन्यांत पुन्हा मूळपदावर येतात.

बायोटिन तीन दिवस बंद ठेवून थायरॉइडची टीएसएच तपासणी पुन्हा करा. तुमचा २.४ नॉर्मल दिसतो, पण बायोटिनमुळे काही मशीनवर टीएसएच खोटा कमी येतो आणि थायरॉइडचा खरा कमकुवतपणा झाकला जातो. त्याच रक्तात बी-१२ आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) करून घ्या. नवऱ्याला विचारा, तुम्ही घोरता का, मध्येच श्वास अडकतो का. हो म्हणाले तर झोपेची तपासणी लागेल.

पाळी मागेपुढे होण्याबद्दल. ४२ व्या वर्षी रजोनिवृत्तीची चाहूल लागू शकते. इस्ट्रोजेन तेव्हा सरळ उतरत नाही, वरखाली हेलकावे खातं आणि त्यासोबत झोप, घाम, मूड हेलकावतात. एकदाच केलेल्या एफएसएचवरून (अंडाशयाला चालना देणारं हॉर्मोन) काही ठरत नाही. तीन महिने पाळीची तारीख, किती पॅड लागले आणि घामाने जाग आलेल्या रात्री कॅलेंडरवर लिहा आणि ते घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. जास्त रक्तस्राव थांबवायला चांगली औषधं आहेत, तो सोसत बसण्याचं कारण नाही.

आता दिवसाची घडी. जेवण कॉलच्या आधी, साडेआठला. रात्री बाराला जेवलात तर पोटही जागं राहतं. दुपारचा डबा कधीच चुकवू नका. रक्तातली साखर घसरली की ती वर आणायला शरीर ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसोलच काढतं आणि तो धक्का कॉलच्या धक्क्यात मिसळतो. चहा दुपारी तीननंतर बंद. पाच कप असतील तर दर तीन दिवसांनी एक कमी करा, एकदम सोडलात तर डोकं ठणकेल. जेवणानंतर लगेच चहा नको, जेवणातलं लोह वाया जातं.

कॉल संपला की स्क्रीन संपली. ११:३० ला दिवा मंद करून बसा, नाकाने चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, दहा मिनिटं. श्वास सोडण्याचा वेळ लांबला की व्हेगस नर्व्ह हृदयाची गती उतरवते. उद्याची कामं कागदावर उतरवा आणि कागद स्वयंपाकघरात ठेवून या. वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठून बाहेरच्या खोलीत बसा, डोळे जड झाले की परत जा. अंथरुणात तळमळत पडलं की मेंदू अंथरुणालाच कॉलची जागा समजू लागतो. रविवारीही सातच्या पुढे झोपू नका आणि सकाळी सोसायटीच्या आवारात २० मिनिटं उघड्यावर चाला. खिडकीतला उजेड पुरत नाही. सकाळचा बाहेरचा उजेडच रात्रीच्या मेलॅटोनिनची वेळ लावतो. रात्री नऊचं जिम सध्या बंद ठेवा, तेवढाच व्यायाम शनिवार-रविवार सकाळी करा.

हे सगळं करूनही आठवड्याला पाच कॉल तसेच राहिले तर फार फरक पडणार नाही, म्हणून खरं काम मॅनेजरशी आहे. 'मला ताण येतोय' असं लिहू नका, त्यावर सहानुभूतीशिवाय काही मिळत नाही. वेळापत्रक मांडा : कॉल आठवड्यातून दोन दिवस माझ्याकडे, तीन दिवस टीममधल्या दुसऱ्या दोघांकडे. माझ्या कॉलच्या दिवशी ऑफिसमधून चारला निघणार, म्हणजे ऐरोली-ठाणे लोकल आणि घोडबंदर रोडचा संध्याकाळचा ट्रॅफिक टाळून साडेपाचला घरी. कॉलनंतरच्या दिवशी लॉगिन अकराला. सहा आठवडे करून बघू, टीएटी (क्लेम निपटायला लागणारा वेळ) वाढला तर बदलू. सोबत मागच्या महिन्याचे कॉल किती वाजता सुरू झाले, किती वाजता संपले, ते जोडा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री ९:३० ते सकाळी ७ या वेळेत स्त्री कर्मचाऱ्याला काम द्यायचं तर तिची संमती लागते. मेलमध्ये हे लिहू नका, पण एचआरसमोर बसाल तेव्हा तुम्हाला ठाऊक असू द्या. नुसती आठ दिवसांची सुट्टी मागितलीत तर मिळेल, बरंही वाटेल, पण परतल्यावर घड्याळ तेच असेल तर तो आराम दोन-चार आठवड्यांत ओसरतो.

एक गोष्ट या आठवड्यात नक्की तपासा. बर्नआउट कामाभोवती असतो, नैराश्य सगळीकडे पसरतं. रविवारी संध्याकाळी तलावपाळीला मुलासोबत जा. तिथे भेळेची चव लागते का, त्याच्या बोलण्यात मन रमतं का? लागत असेल, रमत असेल तर बरं. तिथेही सगळं सपाट वाटलं, दोन आठवडे तसंच राहिलं किंवा 'मी नसते तर बरं' असं मनात आलं, तर कॉलची वाटाघाटी बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. नैराश्यावर नेमके उपचार आहेत, ते वेळेवर सुरू व्हायला हवेत. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्याचं काम करते, आणि प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभागही आहे. त्या नावाला घाबरू नका, तिथे रोज तुमच्यासारखी नोकरी-संसार करणारी माणसं येऊन औषध घेऊन घरी जातात.

राहिला राजीनामा. आत्ता ठरवू नका. दूरचा विचार करणारा मेंदूचा भाग सध्या रोज रात्री दहाला मिटतोय. गोळी सुरू होऊन आणि कॉल कमी होऊन सहा आठवडे जाऊ द्या. सहा आठवड्यांनी कंपनीने एकही कॉल कमी केलेला नसेल तर सोडण्याचा विचार रास्त आहे. तेव्हा कागद घेऊन रविवारी सकाळी बसा, नवऱ्याला शेजारी बसवा, नोटीस पीरियड, घराचा हप्ता आणि मेडिक्लेम किती तारखेपर्यंत चालेल हे तीन आकडे आधी लिहा, आणि मग ठरवा.